गाडी पूर्ण

एम-क्यू टॉवरला एकवीस पायऱ्या.
बाविसावी मोडकी, ती आम्ही धरत नसू.
वर तीन बाजूंनी काच, कोळशाची शेगडी,
आणि ओळीत उभे छत्तीस दांडे:
सिग्नलचे लाल, सांध्यांचे काळे, कुलपांचे निळे.
पेनसिल्व्हेनियाच्या त्या दरीत
एवढेच काय ते रंग. बाकी सगळं कोळशाचं.

एकोणीसची होते. गावातले पुरुष लढाईवर,
म्हणून कंपनीने माझे खांदे पाहिले आणि घेतलं.
म्हातारा टोबायस क्रेसगी म्हणाला,
"हातांनी नको, पाठीने ओढ, व्हर्ना.
आणि शिव्या देऊ नकोस. दांडा खाणीतल्या खेचरासारखा,
ऐकून ठेवतो."

माल यायचा रात्री अकरा चाळीसला.
आधी तारयंत्र दोनदा खाकरायचं,
मग तावदानात एक बारीक कुरकुर,
मग पेल्यातल्या कॉफीवर वर्तुळं,
आणि सगळ्यात शेवटी, उशीर झाल्याची लाज वाटल्यासारखा,
वळणावर उजेड.

मी खाली, रुळांना खेटून,
वेताचं कडं वर धरलेलं, त्यात दोरीने अडकवलेला हुकूम:
कुठे थांबायचं, कुणाला वाट द्यायची.
इंजिन अंगावर येतं तेव्हा डोळे मिटायचे नसतात.
फायरमन वाकून कड्यात हात घालायचा,
कागद काढून कडं पुढे फेकायचा,
आणि मी कंदील घेऊन बर्फातून ते शोधत जायचे.
एका डिसेंबरात कड्याला लोकरीचा हातमोजा बांधलेला,
डाव्या हाताचा.
उजवा ओंद्रेय फेदोर्चाकने लग्नानंतर दिला.
"दोन्ही दिले असते तर तू पुन्हा वर पाहिलं नसतंस," म्हणाला.

डबे मोजायचे. एकशे चार, एकशे अकरा,
एकदा एकशे अडतीस, दोन इंजिनं पुढे आणि एक मागून रेटतंय.
कानाने ऐकायचं, चाक कुठे सपाट झालंय,
नाकाने हुंगायचं, आस तापलाय का.
आणि नियम असा, की मागच्या डब्याचे
दोन लाल दिवे स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय
वहीत 'गाडी पूर्ण' लिहायचं नाही.
तुटून मागे राहिलेले डबे अंधारात उभे असतात,
आणि मागून येणाऱ्याला ते माहीत नसतं.

मग घरोघरी तेलाच्या भट्ट्या आल्या.
खाणींत पाणी भरलं.
दांडे गंजले नाहीत, आम्ही तेल घालत राहिलो;
फक्त ओढायला कारण उरलं नाही.

शेवटची गाडी ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, दिवसाउजेडी,
अकरा रिकाम्या वाघिणी.
गार्डचा डबा आधीच विकलेला;
कुणी त्याला गुलाबी रंग देऊन त्यात आइस्क्रीम विकत होतं.
शेपटाला म्हणे लाल फडकं बांधलं होतं.
धुकं होतं. मला दिसलं नाही.
फोनवर विल्कर विचारत होता, "पूर्ण का?"
"शेपूट दिसलं नाही."
"आता काय फरक पडतो, व्हर्ना."
त्याचाही आवाज बसला होता.
वही मी पिशवीत घातली आणि एकवीस पायऱ्या उतरले.

ओंद्रेय गेला त्यालाही तेरा वर्षं झाली.
टॉवर पोरांनी जाळला, चौथऱ्यावर सुमॅकची झुडपं.
रूळ उपटून तिथे सायकलींची वाट केली,
आणि पाटीवर आमचं नाव चुकवलं: एम-जी.
नगरपालिकेला मी दोन पत्रं लिहिली.

अकरा चाळीसला अजून जाग येते.
काल खिडकीखालून कुणी उशिरा सायकलने गेलं,
मागे लाल दिवा लुकलुकत
वळणापर्यंत दिसत राहिला.
वही उघडली होती. पेन्सिलही हातात.
पण एकच होता.
नियमात दोन आहेत.